आडनाव राजापूरकर, कुलस्वामी गुहागरचा, पणजोबा बडोद्यात: मूळ शोधायचं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आडनाव राजापूरकर. पणजोबा बडोद्याला गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्या मागचं घरात कोणालाच ठाऊक नाही. आजोबा अहमदाबादला, वडील पुण्याला. कुलस्वामी व्याडेश्वर, कुलदेवी आंबेजोगाईची योगेश्वरी, शाखा हिरण्यकेशी. तुम्ही राजापूरला जाऊन आलात, तिथे या आडनावाचं एकही घर सापडलं नाही. आता पुढे कुठे जायचं, आणि डीएनए चाचणीचा काही उपयोग होईल का?

राजापुरात राजापूरकर सापडले नाहीत यात नवल काही नाही. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडल्यावर चिकटतं. राजापुरात राहणाऱ्याला राजापूरकर कशाला म्हणतील, तिथे सगळेच राजापूरचे. घाट चढून कोल्हापूरला, पुण्याला किंवा आणखी पुढे गेल्यावर तिथल्या लोकांनी, सावकाराने, फडावरच्या कारकुनाने या माणसाला ओळखण्यासाठी त्याच्या मागे गाव लावलं. हे आडनाव तुमच्या पूर्वजांनी स्वतः घेतलेलं नाही, दुसऱ्यांनी त्यांना दिलेलं आहे. ते देताना त्या लोकांना एवढंच माहीत होतं की हे राजापूरहून आले. राजापुरात ते दोनशे वर्षं राहिले होते की बारा वर्षं, हे आडनावावरून कळत नाही. म्हणून मी अशा आडनावाकडे वाटेतला एक मुक्काम म्हणून पाहतो. त्याच्या अलीकडची वाट कागदांनी भरायची असते आणि पलीकडची आडनाव बाजूला ठेवून शोधायची असते.

पलीकडची वाट कोणत्या दिशेला जाते, याचा सुगावा तुमच्या प्रश्नातच आहे. व्याडेश्वर गुहागरचा. गुहागर राजापूरच्या बरंच उत्तरेला, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात. राजापूरच्या आसपास कऱ्हाड्यांची वस्ती दाट, पण कऱ्हाडे ऋग्वेदी असतात; हिरण्यकेशी म्हणजे कृष्ण यजुर्वेदातली तैत्तिरीय शाखा. ती आणि व्याडेश्वर एकत्र आले की चित्पावन कुळ असल्याची शक्यता फार वाढते. व्याडेश्वर हा कितीतरी चित्पावन घराण्यांचा कुलस्वामी आहे. योगेश्वरी मात्र इथे उपयोगाची नाही, कारण ती त्यांच्यात इतकी सर्वत्र आहे की तिच्यावरून गाव ठरवता येत नाही. गोत्र तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी शोधा. चित्पावनांत गोत्रं चौदाच. गोत्र, शाखा आणि कुलस्वामी ही तीन नावं एकत्र ठेवली की संभाव्य घराणी मोजकीच उरतात. तेव्हा आजच्या माहितीवर अंदाज असा: गुहागर परिसरातलं एखादं घराणं, त्यातली एक शाखा राजापूरला, तिथून कोणीतरी घाटावर, आणि त्यांच्यापैकी कोणी बडोद्याला. हा अंदाज आहे, पुरावा नाही. पण शोध कुठल्या तालुक्यात घ्यायचा हे त्याने ठरतं.

मूळ आडनाव आणि चालू आडनाव वेगळं असणं ही मराठी घराण्यांतली अगदी नेहमीची गोष्ट आहे. नाना फडणीस मूळचे भानू, श्रीवर्धनजवळच्या वेळासचे. फडणिशी मिळाली आणि भानू मागे पडलं. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. १७१३ साली त्यांना पेशवेपद मिळालं आणि पुढच्या पिढ्यांचं आडनाव पेशवे झालं. तात्या टोपे यांचं नाव कागदोपत्री रामचंद्र पांडुरंग येवलेकर, कारण घराणं येवल्याचं. दुसऱ्या बाजीरावाबरोबर ते ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेलं. फडणीस, चिटणीस, देशपांडे, कुलकर्णी, देशमुख, पाटील, जोशी ही सगळी कामाची किंवा वतनाची नावं. दोन कुलकर्णी एकमेकांचे कोणी लागतातच असं नाही, आणि सख्ख्या दोन भावांपैकी एकाने वतनाचं आडनाव लावलं, दुसऱ्याने गावाचं लावलं, असंही भरपूर दिसतं. जाधव, मोरे, शिंदे, पवार, गायकवाड ही आडनावं तर कितीतरी जातींत आहेत. नुसत्या आडनावाच्या साम्यावर भावकी जोडू नये.

कागद कसा बोलतो याचं मला सगळ्यात उपयोगी वाटणारं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. जन्म १४ एप्रिल १८९१, महू. म्हणजे इंदूरजवळची लष्करी छावणी, कारण वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आलं, मग साताऱ्याला, पुढे मुंबईला. घराण्याचं कुळ सकपाळ आणि गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी जे नाव चढलं ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. (याच तारखेला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळतात.) जन्मगावावरून शोधत गेलात तर महूत अडकाल. आंबडव्याच्या जुन्या कागदांत ‘आंबेडकर’ शोधलंत तर काही मिळणार नाही, तिथे सकपाळ शोधायला हवं. आणि या दोन टोकांना जोडणारा दुवा तिसऱ्याच गावातल्या शाळेच्या वहीत आहे. तुमच्या घराण्याचा दुवाही असाच, बडोद्यात नाही आणि राजापुरातही नाही, अशा एखाद्या जागी असण्याची तयारी ठेवा.

आता कामाला सुरुवात पुण्यातून, उलट्या दिशेने. एका वेळी एकच पिढी. वडिलांचा जन्म कुठे, दाखला कुठे, मग आजोबा, मग पणजोबा. मधली पिढी वगळून थेट अठराव्या शतकात उडी मारू नका.

घरातल्या सर्वांत वयस्कर बायकांशी आधी बोला. पुरुषांना पराक्रम आठवतात, बायकांना नाती आठवतात. त्यांना ‘आपलं मूळ गाव कोणतं’ असं विचारून फारसं मिळत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. असं विचारा: कोणाच्या घरचं सुतक आपल्याकडे धरायचे? दहा दिवस कोणाचं, तीन दिवस कोणाचं? कोणाच्या मृत्यूचं पत्र आलं की नुसती अंघोळ करून मोकळे व्हायचे? सुतकाची यादी म्हणजे जिवंत भावकीचा नकाशा असतो आणि त्यात वेगळ्या आडनावाचं एखादं घर निघालं तर ते तुमचंच मूळ आडनाव असू शकतं. मग कुळधर्म विचारा. गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, बोडण भरतात का, नवरात्र कोणत्या पद्धतीचं, नैवेद्याला कोणता पदार्थ चालत नाही. माणसं गाव बदलतात, भाषाही बदलतात, पण सासूने सुनेला सांगितलेला कुळधर्म फार टिकतो. पणजीचं माहेर कोणतं, तिच्या भावांची आडनावं काय, हेही लिहून घ्या. सोयरीक बहुधा ओळखीच्या टापूत व्हायची, त्यामुळे लागोपाठ तीन पिढ्यांच्या सुनांची माहेरं एका नकाशावर मांडली की घराणं कधी कुठे होतं ते दिसू लागतं. आत्या आणि त्यांची मुलं यांना विसरू नका. मुलाकडे न राहिलेली चीजवस्तू, फोटो आणि पत्रं त्यांच्याकडे असतात.

घरात जुन्या हस्तलिखित पोथ्या असतील तर त्यांचं शेवटचं पान आधी उघडा. पोथी उतरवून काढणारा शेवटी शक, तिथी, गाव आणि स्वतःची ओळख लिहायचा आणि तिथे ‘अमुक इत्युपनामक’ असं मूळ उपनाव येतं. बाहेरच्या जगात राजापूरकर म्हणवणारा माणूस देवाच्या पोथीवर घराण्याचं जुनं नाव लिहितो. जन्मपत्रिका, मुहूर्ताच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका आणि मृत्यूची कार्डंही याच कामाची.

बडोद्यात तुमचं नशीब चांगलं आहे. गायकवाडांचं राज्य कागदाच्या बाबतीत शिस्तीचं होतं. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. आजोबा बडोद्याच्या शाळेत असतील तर जनरल रजिस्टरात त्यांचा जन्म, जात, जन्मगाव आणि आधीची शाळा मिळायला हवी. शाळेकडे ‘प्रवेश निर्गम उतारा’ मागा. साध्या दाखल्यात रजिस्टरातलं सगळं उतरवलेलं नसतं. पणजोबांच्या नोकरीसाठी कोठीच्या इमारतीतल्या अभिलेखागारात संस्थानचे जुने कागद आहेत, त्यांत मराठी आणि मोडी भरपूर. नेमणूक, पगार, निवृत्तिवेतन आणि वारसाची नोंद या चार प्रकारांवर भर द्या. वारसाच्या कागदात भाऊ-पुतणे येतात आणि त्यांचे पत्तेही येतात. दांडिया बाजारातली जुनी मराठी घरंही विचारून पाहा. पणजोबांबरोबर काम केलेल्यांच्या नातवंडांकडे एखादा गट-फोटो नावांसकट निघतो.

आणि एक जागा अशी आहे जी बडोद्याची माणसं हटकून विसरतात: उत्तर गुजरातेतलं सिद्धपूर. ते मातृगया, आईच्या श्राद्धाचं क्षेत्र, आणि तेव्हा गायकवाडांच्याच राज्यात. पणजोबा बडोद्यात नोकरीला असतील तर आईचं श्राद्ध करायला ते सिद्धपूरला गेले असण्याचा संभव मोठा. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, मातृश्राद्धामुळे, आई-आजी-पणजी यांची नावं येतात, जी इतर कागदांत जवळजवळ कुठेच येत नाहीत. नर्मदेवरचं चांदोद हेही बडोद्याकडच्या लोकांचं नेहमीचं तीर्थ. मग नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आपल्याकडचा फार मोठा ठेवा आहे. माणूस तीर्थावर आला की उपाध्ये त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात वंशावळ लिहून घ्यायचे आणि खाली अशा अर्थाचा मजकूर असायचा: आमच्या वंशातलं कोणी आलं तर त्याने याच उपाध्यायांना मानावं. स्वतःच्या खापरपणजोबांचं हस्ताक्षर समोर आलं की माणसं गप्प होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्यातल्या दोन छोट्या शब्दांची किंमत सर्वांत जास्त: ‘मूळ गाव’ आणि ‘हल्ली मुक्काम’. वेगवेगळ्या सालांतल्या दोन लेखांत हल्ली मुक्काम बदललेला दिसला की स्थलांतर कोणत्या काळात झालं ते त्या दोन तारखांच्या मध्ये सापडतं. जाताना आडनाव, उपनाव माहीत असेल तर ते, गोत्र, मूळ गाव म्हणून ऐकलेली सगळी गावं, आणि पणजोबांपर्यंतची नावं एका कागदावर लिहून न्या. उपाध्यायांची वाटणी कुठे आडनावावर, कुठे गावावर, कुठे प्रांतावर असते, म्हणून एकाने ‘आमच्याकडे नाही’ म्हटलं तरी आपला उपाध्याय कोण तेवढं त्यांच्याकडूनच विचारून घ्यावं. दक्षिणा मनापासून द्यावी. पिढ्यान्‌पिढ्या पूर, वाळवी आणि घरातल्या वाटण्या यांतून त्या लोकांनी हे वाचवलं आहे.

एवढं झालं की कोकणात परत जा, पण या वेळी आडनाव न घेता. तुमच्या हातात आता खापरपणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव असेल, कदाचित उपनावही. कोकण सोडून गेलेल्यांनी जमिनी सहसा विकल्या नाहीत. सामाईक क्षेत्राच्या सातबाऱ्यावर आजही तीस-चाळीस नावं असतात आणि त्यांतली कित्येक माणसं शंभर वर्षांपूर्वी वारलेली असतात. वारस नोंदवायला कोणी आलंच नाही, म्हणून नाव राहिलं. सातबाऱ्यावरून मागे फेरफारांकडे, म्हणजे गाव नमुना सहाकडे जायचं. ‘मयत अमुक, वारस तमुक, राहणार बडोदे’ असा एक फेरफार सापडला तर तुमचं अर्धं काम झालं. त्याच्याही मागे रत्नागिरी जिल्ह्यात खोतीचे, म्हणजे गावचा वसूल गोळा करणाऱ्या खोतांच्या वतनाचे कागद आहेत. १८८० च्या खोती कायद्यानंतरच्या पाहणीतली बोटखतं आणि फैसल पत्रकं, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांच्या नोंदी, यांत खोत, धारेकरी (नुसता सरकारी धारा भरणारे) आणि कुळं नावानिशी आहेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता शासनाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, ते घरबसल्या आधी पाहून घ्या.

गाव नमुना चौदा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, तो जन्म-मृत्यूचा. त्यात जात लिहिलेली असे, म्हणून २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने या वह्या महाराष्ट्रभर कपाटांतून बाहेर निघाल्या, स्कॅन झाल्या आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. तुमचा हेतू वेगळा असला तरी त्या श्रमाचा फायदा तुम्हाला आहे. जनगणनेकडे मात्र जाऊ नका, तिथे एकेका घराची माहिती गोपनीय असते, नावं मिळत नाहीत. आणि जुना कागद वाचताना जिल्हा-तालुक्यांच्या सीमा तपासा: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, रायगडचं नाव तोवर कुलाबा होतं, जालना १९८१ मध्ये आणि लातूर १९८२ मध्ये वेगळे जिल्हे झाले. एकाच नावाची गावंही पुष्कळ. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव असलं गाव असेल तर तालुका कळेपर्यंत प्रवासाचे पैसे खर्चू नयेत.

मोडी शिका. दुसऱ्याकडून वाचून घेता येतं हे खरं, पण शोधताना शंभर कागद चाळून एक निवडायचा असतो आणि प्रत्येक कागद कोणाला दाखवणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, म्हणजे तुमच्या आजोबांची सहीसुद्धा मोडीत असू शकेल. पुराभिलेख खात्याचे आणि इतर संस्थांचे वर्ग चालतात. छापील मुळाक्षरं काही दिवसांत येतात, लपेटीचं अक्षर वाचायला वेळ लागतो. आधी रेघ, मग तिला लोंबणारी अक्षरं. शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. अनुस्वार वाटेल तेव्हा गळतो. त्यामुळे नाव अर्थावरून ओळखावं लागतं. ठरावीक मायना पाठ झाला की बाकीचं सोपं जातं.

तारखांचं गणित असं. शालिवाहन शकात ७८ मिळवायचे, पौष-माघ-फाल्गुनात ७९ होऊ शकतात. दक्षिणी फसली या महसुली सनात ५९०. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन असतो आणि तो आकड्याऐवजी अरबी शब्दांत लिहितात. ‘सलास खमसैन मया व अलफ’ म्हणजे तीन, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५३. त्यात ५९९ मिळवले की १७५२, आणि वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे कागद जानेवारीपासून पुढचा असेल तर १७५३. घराण्यांच्या वंशावळींतली सालं पुष्कळदा एक-दोन वर्षांनी चुकतात त्याचं कारण हे गणित.

वंशावळ हाती आली की ती तपासायची. तीन पिढ्यांना सरासरी पाऊणशे ते नव्वद वर्षं धरा. अडीचशे वर्षांत पाचच नावं असतील तर मधली गळली आहेत. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत हे त्याचं पहिलं कारण. पेशव्यांच्याच घरात बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा बाळाजी बाजीराव. पुढे पुन्हा एक बाजीराव. सामान्य घराण्यात असे दोन बाळाजी सहज एक होऊन जातात आणि मधल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. दुसरं कारण दत्तक. तुमचं घराणं बडोद्याला राहिलेलं, तुम्हाला हे सांगायला नको: खुद्द सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. रक्ताची वाट आणि नावाची वाट जिथे वेगळी होते तिथे दोन्ही लिहून ठेवायच्या. मी तरी दत्तकाला ‘खरा वंश नव्हे’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला बसत नाही. ज्याने श्राद्ध घातलं, कर्ज फेडलं आणि कुळधर्म चालवला तो त्या घराचाच.

वंशावळ कशासाठी लिहिली गेली हेही पाहा. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी करणारं इनाम कमिशन नेमलं गेलं तेव्हा इनामदारांना आपला हक्क सिद्ध करायला कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या. त्याआधी वतनाच्या भांडणांत करीने (पक्षकारांच्या लेखी हकीकती) आणि महजर (सभेचे निवाडे) झाले. हे कागद पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दप्तरात आहेत. काही भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि कोल्हापूर, नागपूर, मुंबईच्या दप्तरांत आहेत. ज्याला हक्क हवा तो भावाची शाखा गाळतो, आणि ज्या भावाला वाटा हवा तो तीच शाखा तपशिलाने सांगतो. म्हणून अशा भांडणात मी आधी विरुद्ध पक्षाचा कागद वाचतो. त्याने जे नाइलाजाने कबूल केलंय ते सहसा खरं असतं. थेट सूर्यवंशाला किंवा एखाद्या ऋषीला जाऊन भिडणारी वरची नावं आदराने बाजूला ठेवावीत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो वाचताना जशी घराण्याची अभिमानाची भाषा आणि घडलेला इतिहास वेगवेगळा करावा लागतो, तसंच आपल्या घरातल्या वंशावळीचं.

तुमच्यासारखेच प्रश्न दुसऱ्या समाजांतली माणसंही मला विचारतात आणि त्यांची साधनं वेगळी आहेत, म्हणून तेही लिहितो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागात मराठा, लिंगायत, धनगर घराण्यांच्या वंशावळी हेळवी सांभाळतात. काही वर्षांनी ते घरी येतात, मागच्या पिढ्या म्हणून दाखवतात, नवीन जन्म लिहून घेतात. ‘कधी आले होते’ असं गावात विचारलं तर कोणाला तरी आठवत असतं. अन्य भागांत हेच काम भाट करतात. ते आले की धान्य देऊन रवानगी करू नका, बसवून ऐका आणि ध्वनिमुद्रण करा. मराठा, कुणबी आणि इतर अनेक समाजांत लग्नातलं देवक, म्हणजे कुळाची खूण म्हणून पुजलं जाणारं झाड किंवा वस्तू, ही मोठी खूण आहे: आडनाव एक पण देवक वेगळं असेल तर कूळ वेगळं मानतात. वतन असलेल्या घराण्यांना १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरं पाहता येतात. महार वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, कुलकर्णी वतनं १९५० च्या, पाटिलकी १९६२ च्या. प्रत्येक वेळी कोणाचा किती हक्क याची कागदपत्रं झाली आणि भूमिहीन म्हणून सातबाऱ्यात न दिसणारी कुटुंबं त्यांत सापडतात. मुंबईच्या गिरणगावात आलेल्यांची वाट गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामाईक खोलीतून जाते. गावाच्या मंडळाची वर्गणीची वही आणि इतिवृत्त जपलेलं असेल तर कोणत्या वाडीतून कोण कधी आलं ते त्यात कळतं.

गोव्याकडून आलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी की तिथे देवही स्थलांतरित आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आणि रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला आला. कुलदैवत म्हार्दोळला म्हणून मूळ घर अंत्रुज महालात (आजच्या फोंडा तालुक्यात) शोधत बसाल तर चुकाल. ते नदीपलीकडे वेर्ण्याच्या बाजूला असू शकतं. लोटलीकर, राईकर, कुंकळ्येकर या आडनावांत ती जुनी गावं अजून आहेत. बेने इस्रायलांचंही तसंच. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही नावं घेऊन ते इस्रायलला गेले आणि रायगडातल्या त्या गावांची नावं तिकडे टिकली. मॉरिशसला करारावर गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. गाव, परगणा, जात, जहाज आणि काहींचे फोटोसुद्धा. फक्त नावं तिथल्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिलेली, त्यामुळे मोठ्याने वाचत वाचत मराठी नाव ओळखावं लागतं.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं आहे. तुमच्या प्रश्नापुरतं मी नको म्हणेन. आडनाव दोन-तीनशे वर्षांतलं, आणि पुरुषवंशाची चाचणी दाखवते ती हजारो वर्षांतली फार जुनी नाती. राजापूरचं कोणतं घर तुमचं हे तिच्यातून निघणार नाही. एखादं घराणं कागदावरून जवळजवळ नक्की झालं आणि तिथला कोणी पुरुष स्वतःहून तयार असला, तरच ताडून पाहायला तिचा उपयोग. त्यातही दत्तकाची शक्यता आधी बोलून घ्या, कारण निकालाने दुसऱ्याच्या घरात वाद होऊ शकतो.

लिहून ठेवताना प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितलं किंवा कोणत्या कागदात, कोणत्या सालच्या, हे टाका. ऐकीव गोष्टीही खोडू नका, ऐकीव म्हणूनच लिहा. घर का हललं याचा शोध प्रत्येक वेळी घ्या: १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६ नंतरचा प्लेग, नोकरी, भाऊबंदकी, वैधव्य. पणजोबांचं बडोद्याला येणं प्लेगच्या आगेमागे असेल तर त्यांचे काही भाऊ त्याच वेळी दुसरीकडे पांगलेले असतील आणि ती घरं कुठे आहेत हे शोधणं त्यामुळे सोपं होतं.

पहिल्यांदा गोत्र पक्कं करा, मग आजोबांच्या शाळेचा उतारा, मग सिद्धपूर. उपनाव मिळालं की त्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळींसह घराण्याचा इतिहास, छापलेला आहे का ते पाहा. चित्पावनांत विसाव्या शतकापासून असे बरेच निघाले आहेत आणि जुन्या ग्रंथालयांत मिळतात. त्यात राजापूरच्या शाखेखाली ज्या नावापुढे ‘पुढील माहिती उपलब्ध नाही’ असं छापलं असेल ती नावं तुमच्या यादीशी ताडा. एखादं जुळलं तर कुलमंडळाला सिद्धपूरच्या लेखाचा फोटो, शाळेचा उतारा आणि फेरफाराची नक्कल जोडून पत्र लिहा. नुसत्या जुळणाऱ्या नावावर कोणी शाखा जोडून घेणार नाही आणि घेऊही नये.